व्हार्टेग: 'व्ही' की 'एफ'? साउथ वेल्सच्या खाणपट्ट्यातला लाँग वीकेंड

आई-बाबा चंद्रपूरहून आमच्याकडे ब्रिस्टलला आले होते उन्हाळ्यात. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंजला "दगडं बघायले एवढे पैसे कायले?" हेही झालं. बाबा आयुष्यभर वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी), दुर्गापूर रयतवारी खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाली पाळीवर देखरेख करणारे, त्यामुळे राजवाडे-बागा वगैरेमध्ये त्यांना काडीचा रस नाही. ऑगस्टच्या शेवटी सोमवारी बँक हॉलिडे असतो, तेव्हा म्हटलं चला साउथ वेल्स, कोळशाचं माहेरघर. शिवाय मला स्वतःला तिथलं एक गाव बघायचंच होतं, व्हार्टेग नावाचं, कारण त्या गावाच्या स्पेलिंगवरून काही वर्षांपूर्वी पेपरांत भरपूर धुरळा उडाला होता. तो किस्सा रविवारच्या भागात येईलच.

शुक्रवार

सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की वेल्स सुरू. नावांचे वाद इथूनच चालू होतात बरं का. या पुलाचं नाव २०१८ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स ब्रिज केलं तेव्हा विरोधात हजारो लोकांनी सह्या केल्या होत्या, नाव काही मागे घेतलं नाही, पण त्याच वर्षी डिसेंबरात टोल बंद झाला आणि लोक गप्प झाले असं आमच्या ऑफिसातला एक वेल्श माणूस हसत हसत सांगतो.

न्यूपोर्टवरून वर वळलं की दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगराच्या अंगावर आडव्या रांगांमध्ये एकाला एक चिकटलेली घरं. रस्त्यावर प्रत्येक वळणाला पांढऱ्या अक्षरात 'आरफ' लिहिलेलं. बाबांनी बराच वेळ सहन केलं आणि मग विचारलं, "हा आरफ कोण आहे बे? निवडणुकीले उभा आहे काय?" आरफ म्हणजे स्लो. त्यानंतर पूर्ण ट्रिपभर मी जरा वेगात गेलो की मागच्या सीटवरून "आरफ, आरफ" चालू.

पाँटिपूलच्या पुढे अबरसखन लागतं (ख घशातून काढायचा, आपल्याला सोपं जातं). रॉय जेन्किन्स, जे पुढे ब्रिटनचे गृहमंत्री आणि अर्थमंत्री झाले, ते १९२० साली इथेच जन्मले, वडील खाणकामगार आणि नंतर खासदार. इथून थोडं वर 'द ब्रिटिश' नावाची जागा आहे. खरंच, नावच ते. १९ व्या शतकात ब्रिटिश आयर्न कंपनीने इथे लोखंडाच्या भट्ट्या टाकल्या आणि लोक कंपनीच्याच नावाने वस्तीला हाक मारायला लागले ते कायमचं. आता भट्ट्या गेल्या, पडक्या दगडी भिंती आणि पाणी उपसणाऱ्या इंजिनाची एक उंच इमारत तेवढी उभी आहे, बाकी झुडपं आणि मेंढ्या. "म्हणजे ब्रिटिश इथून पण गेले," बाबा म्हणाले आणि आईला तो जोक एवढा आवडला की रात्री फोनवर चंद्रपूरला तीन घरी सांगून झाला.

इथल्याच डोंगरात लॅनर्क नावाची खाण होती. ६ फेब्रुवारी १८९० ला तिथे स्फोट झाला आणि १७६ माणसं गेली. आत उघड्या ज्योतीचे दिवे वापरत होते. सेफ्टी लॅम्प तेव्हा नवीन नव्हता, पाऊणशे वर्षं जुना होता. हे सांगितल्यावर बाबा एकदम ओव्हरमन झाले, सेक्शनमध्ये गॅस किती, हवा कुठून येत होती, इन्स्पेक्टर काय करत होता, सगळी चौकशी मलाच. मी आयटीवाला, मला काय माहीत.

मुक्काम ब्लायनावनला, मुख्य रस्त्याच्या मागच्या एका गेस्टहाउसमध्ये. मालकीणबाईंनी चहाबरोबर वेल्श केक दिले, लोखंडी तव्यावर भाजलेले, आत काळे बेदाणे, वरून साखर. आईने तवा बघायलाच मागितला. बाईंनी तो जाड काळा तवा आणून दाखवला, त्यांच्या आजीचा आहे म्हणे, साबण लावत नाहीत. आईचं इंग्लिश यथातथाच पण तवा या विषयावर दोघींचं पाऊण तास उत्तम चाललं.

*कामाचं:* ब्लायनावन लहान आहे, बँक हॉलिडेला राहायला जागा लवकर संपते, तेव्हा आधी बघून ठेवा. जेवायला रात्री आठनंतर फार काही मिळत नाही. शाकाहारी असाल तर सोबत काहीतरी असू द्या, आमच्याकडे बायकोने केलेल्या दशम्या होत्या म्हणून निभावलं.

शनिवार

सकाळपासून बारीक पाऊस, आणि आम्ही जमिनीखाली जाणार होतो त्यामुळे काही फरक पडत नव्हता.

बिग पिट. १९८० ला बंद पडलेली खाण, १९८३ पासून म्युझियम. वेल्शमध्ये पुल माउर, अर्थ तोच, मोठा खड्डा. लिफ्टच्या पिंजऱ्यातून ९० मीटर खाली नेतात, आणि नेणारे खरोखरचे जुने खाणकामगार. हेल्मेट, कॅपलॅम्प, कमरेला बॅटरी आणि सेल्फ रेस्क्यूअर (विषारी गॅस झाला तर श्वास घ्यायचं साधन), सगळं मिळून पाचेक किलो वजन. मोबाईल, बॅटरीवालं घड्याळ, काडेपेटी, लायटर सगळं वर ठेवून जायचं, कारण ही खाण अजूनही कायद्याने कोळसा खाणच मानतात. बाबांनी न सांगता खिसे उलटे करून दाखवले, गाइड बघतच राहिला. मग मी सांगितलं की हे इंडियात कोल माइनमध्ये ओव्हरमन होते. झालं. पुढची टूर त्या दोघांची होती, आम्ही बाकीचे सगळे नुसते मागे.

गाइड साठीच्या पुढचा, बुटका, प्रत्येकाला 'बट' म्हणणारा (इकडे मित्राला म्हणतात). त्याने छताला काठीने ठोकून आवाज ऐकवला, बाबांनी काठी मागून घेतली, दुसरीकडे ठोकलं आणि मान हलवली. दोघांना एकमेकांचं इंग्लिश निम्मं कळत नव्हतं, पण रूफ, प्रॉप, गॅस, शिफ्ट एवढ्या शब्दांवर भागत होतं. इकडच्या खाणी सरकारने १ जानेवारी १९४७ ला ताब्यात घेतल्या, आपल्याकडे १९७३ ला. त्यावर गाइडने विचारलं, तुमच्या अजून चालू आहेत? बाबा म्हणाले यस, मेनी. तो म्हणाला लकी. बाबा मला मराठीत म्हणाले, "याले लकी म्हणून रायला हा, याले सांग आमचे गुडघे बघून जा."

एका ठिकाणी लाकडी दार आहे, हवा वळवायला लावलेलं. पूर्वी अशा दारांशी लहान मुलं बसवायची, गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, बाकी वेळ अंधारात. गाइडने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. १८४२ च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालची मुलं खाली न्यायला बंदी झाली, म्हणजे त्याच्या आधी पाच-सहा वर्षांची पोरंसुद्धा जात होती. आमची लेक सात वर्षांची, तिने अंधारात माझा हात इतका घट्ट धरला की नखं लागली. पुढे घोड्यांचे तबेले आहेत, प्रत्येक खणावर घोड्याच्या नावाची पाटी. वर आल्यावर १९३९ सालची आंघोळीची मोठी इमारत बघा, त्याच्या आधी माणसं काळीच घरी जायची आणि चुलीपुढे टबात बसायची, पाणी तापवायचं काम अर्थात घरच्या बाईचं. आईने ही एवढीच गोष्ट मन लावून ऐकली.

दुपारी ब्लायनावनच्या लोखंडाच्या भट्ट्या बघितल्या, १७८९ पासूनच्या. वर्ल्ड हेरिटेजचा दर्जा २००० साली मिळाला. इथल्याच रसायनतज्ज्ञ पर्सी गिलख्रिस्टने आणि त्याचा लंडनच्या कोर्टात कारकून असलेला चुलतभाऊ सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने १८७० च्या दशकात फॉस्फरसवाल्या खनिजातून चांगलं पोलाद काढायची युक्ती सिद्ध केली. पण गंमत बघा, त्या युक्तीमुळे जर्मनी-अमेरिकेतलं स्वस्त खनिज कामाला आलं आणि त्यांचे कारखाने असे सुसाट सुटले की ब्लायनावनसारख्या जागांचं महत्त्व कमीच होत गेलं. गावातलं वर्कमेन्स हॉल मात्र जरूर बघा, कामगारांनी पगारातून अर्धी-अर्धी पेनी देऊन १८९० च्या दशकात बांधलेलं.

*कामाचं:* म्युझियमला तिकीट नाही, पण खाली जायच्या टूरचे नियम आणि पैसे जायच्या आधी चेक करा. १ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खाली नेत नाहीत. खाली थंड असतं, ऑगस्टमध्येही स्वेटर लागतो. गुडघे दुखत असतील तर विचार करा, काही ठिकाणी वाकून चालावं लागतं.

रविवार

आज व्हार्टेग. ब्लायनावन आणि अबरसखनच्या मध्ये, खालच्या मोठ्या रस्त्यावर नाही तर वरच्या अंगाने, डोंगराच्या कडेला लांबट पसरलेलं गाव. जुन्या रेल्वेमार्गाचा आता सायकल ट्रॅक केलाय, जवळपास सपाट आहे, त्यावरून आई-बाबाही आरामात चालले. गार्नडिफाइथचा नऊ कमानींचा दगडी पूल याच वाटेवर. धुकं इतकं की पुलावरून खाली फक्त कुत्रा भुंकलेला ऐकू येत होता, दिसत काही नव्हतं. अकराच्या सुमाराला धुकं एकदम फाटलं आणि पूर्ण दरी उघडी पडली, वर जांभळी हेदर फुललेली, मध्ये मध्ये गवत चढलेले खाणीच्या मातीचे ढीग. हे डोंगर आहेत की ढिगारे हे बाबांना लांबूनच कळायचं, आम्हाला जवळ जाऊनही नाही.

गावाचा इतिहास थोडक्यात असा: १९ व्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडाच्या भट्ट्या, मग कोळसा, मग हळूहळू सगळं बंद. कामाला माणसं आली ती वेल्सच्या पश्चिमेकडून, तशीच इंग्लंडमधून आणि आयर्लंडमधूनही. १८२०-३० च्या काळात या पट्ट्यात 'स्कॉच कॅटल' नावाच्या गुप्त टोळ्या होत्या, संप फोडणाऱ्याच्या घरी रात्री जनावरांची कातडी पांघरून जायच्या आणि सामान फोडायच्या. १८३९ मध्ये चार्टिस्ट लोक मतदानाचा हक्क मागत न्यूपोर्टवर चालून गेले तेही याच दऱ्यांमधून, आणि तिथे सैनिकांच्या गोळ्यांनी वीसेक जण गेले. कामगारांच्या घरात आधी वेल्श बोलत, पुढे मिसळ झाली आणि दोन-तीन पिढ्यांत इंग्लिशच उरलं. त्यात हा सगळा मॉनमथशायर जिल्हा वेल्समध्ये धरायचा की इंग्लंडमध्ये याचाच कायदेशीर घोळ १९७४ पर्यंत चालू होता, कागदोपत्री 'वेल्स अँड मॉनमथशायर' असं लिहायचे.

आता नाव. मूळ वेल्श नाव 'अ वार्तेग' असं काहीसं बोलतात. 'तेग' म्हणजे सुंदर, 'बार' म्हणजे माथा, तर सुंदर माथा असा एक अर्थ सांगतात. वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, तसं ब चं व झालं. आजच्या वेल्श लिपीत 'व्ही' हे अक्षरच नाही, व चा आवाज 'एफ'ने लिहितात, आणि फ हवा असेल तर डबल 'एफ'. म्हणून शुद्ध वेल्शमध्ये गावाचं नाव 'एफ'ने सुरू होतं. आणि इंग्लिश वाचणाऱ्या माणसाला त्याची पहिली चार अक्षरं दिसतात ती एफ-ए-आर-टी. फार्ट. म्हणजे, तुम्हाला कळलंच.

२०१३ च्या शेवटी वेल्श भाषा आयुक्तांच्या कार्यालयाकडून आणि कौन्सिलकडून गावांच्या नावांची वेल्श रूपं ठरवायचं काम चालू होतं, त्यात हे रूप आलं आणि गावात बोंब झाली. पाटी लागली की लोक फोटो काढायला येणार, पोरांना शाळेत चिडवणार, पाट्या चोरीला जाणार. लंडनच्या पेपरांना तर आयती मजा मिळाली. मी तेव्हा नुकताच इंग्लंडात आलेलो, ऑफिसात तो लेख फिरला होता.

ट्रॅकवर एक आजी भेटल्या, ऐंशीच्या आसपास, हातात लॅब्रेडॉर. सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या आईच्या चॅपलच्या कागदावर 'व्ही', माझ्या लग्नाच्या कागदावर 'व्ही', वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'व्ही', आणि आता कुणीतरी कार्डिफहून येऊन मला माझं गाव चुकीचं लिहितेस असं सांगणार? मी वेल्श नाही का? मग थोडं थांबून म्हणाल्या, आणि हो, मला माझ्या पत्त्यात पाद नकोय. आईला भाषांतर करून सांगितलं तर ती आधी दचकली आणि मग आजींबरोबर हसत सुटली.

दुपारी खालच्या एका पबमध्ये रोस्ट खाल्लं (लॅम्ब, पुदिन्याचा सॉस, भाजलेले बटाटे, बाबांनी सॉसची वाटी संपवली) तिथे शेजारच्या टेबलावर उलटं मत. पन्नाशीचा माणूस, नात पाँटिपूलच्या वेल्श माध्यमाच्या शाळेत. तो म्हणाला, हसतील हसतील आणि दोन वर्षांत विसरतील. आपल्या कौन्सिलचं नाव टॉरवाइन, त्यात मध्ये 'एफ'च आहे, त्याचा व होतो हे सगळ्या गावाला बरोबर माहीत आहे. मग एकाच गावात एवढा गोंधळ का? मुद्दा बिनतोड होता. त्याची बायको म्हणाली, कारण त्यात फार्ट नाही, डिअर.

माझं मत विचाराल तर, पूना-पुणे, ठाणा-ठाणे बघत वाढलेला माणूस मी, सुरुवातीला साहजिकच 'एफ'च्या बाजूचा होतो. मूळ भाषेतलं रूप परत आणायचं, साहेबाच्या कारकुनाने केलेलं स्पेलिंग टाकायचं. पण इथलं गणित तसं सरळ नाही. एक तर जुन्या वेल्श हस्तलिखितांतही व साठी 'व्ही' सापडतो, 'एफ'चा नियम नंतर पक्का झाला, त्यामुळे 'व्ही' म्हणजे फक्त इंग्रजांची करामत असं नाही. दुसरं म्हणजे पुण्याच्या माणसाला पुणेच म्हणायचं होतं. इथे गावातल्या बहुतेकांना स्वतःला 'व्ही' हवाय, आणि ते ज्या भाषेत हवं म्हणतात ती इंग्लिश आहे, जी त्यांच्या पणजोबांची नव्हती. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे १७.८ टक्के होते, आणि या पूर्वेकडच्या दऱ्यांत त्याहून कमी. मग गाव कुणाचं, पणजोबांचं की आत्ता राहणाऱ्याचं? आणि मुळात उच्चार दोन्हीकडे तोच आहे, भांडण फक्त पाटीपुरतं. मला विचारलं तर दोन्ही लिहा, वर 'व्ही', खाली 'एफ', आणि फोटो काढणाऱ्यांना काढू द्या, त्या निमित्ताने चार माणसं पबमध्ये जेवतील. स्नोडनचं यर विड्वा (२०२२) आणि ब्रेकन बीकन्सचं बॅनाय ब्रखायन्योग (२०२३) झालं तेव्हाही आरडाओरडा झाला होताच. पण ते डोंगर आहेत, डोंगराला पोस्टल अॅड्रेस लिहावा लागत नाही.

सध्या तरी बोलण्यात आणि नकाशात गाव व्हार्टेगच आहे, 'व्ही'वालं. आणि आजींना नावापेक्षा जास्त राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. जुने ढिगारे साफ करायच्या निमित्ताने इथे उघड्या खाणीतून कोळसा काढायचा प्रस्ताव एका कंपनीने आणला होता, घरांच्या आणि शाळेच्या अगदी जवळ. वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी परवानगी नाकारली. "त्यासाठी आम्ही कितीदा मीटिंगला गेलो," आजी म्हणाल्या, "तेव्हा लंडनचा एकही पेपर आला नाही." बाबांनी हे ऐकून मान डोलावली. चंद्रपूरची धूळ त्यांना कुणी सांगायला नको.

*कामाचं:* न्यूपोर्ट-पाँटिपूलकडून ब्लायनावनला बस आहे, पण रविवारी फेऱ्या कमी. सायकल ट्रॅक न्यूपोर्टच्या बाजूला उताराचा, तेव्हा सायकल भाड्याने घेतलीत तर ब्लायनावनहून खाली जा, उलटं नको. मेंढ्या रस्त्याच्या मालक आहेत, हॉर्न वाजवून उपयोग नाही.

सोमवार

परतीच्या आधी डोंगरापलीकडे सिक्स बेल्सला गेलो. २८ जून १९६० ला इथल्या खाणीत ४५ जण गेले. २०१० मध्ये तिथे पोलादाच्या पट्ट्यांचा, चौथऱ्यासकट २० मीटर उंच खाणकामगार उभा केलाय, हात पसरलेला, आणि खाली सगळी नावं कोरलेली. बाबांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली, मग म्हणाले एकाच आडनावाचे किती आहेत बघ, भाऊ असतील नाहीतर बापलेक. एका घरचे दोघं एका पाळीत टाकू नये असा त्यांचा स्वतःचा दंडक होता, लोक ओव्हरटाइमसाठी भांडायचे त्यांच्याशी.

तिथून परत वळून ब्लॉरेंज डोंगरावर. नारिंगी रंगाच्या इंग्लिश शब्दाशी यमक जुळणारा जवळपास एकमेव शब्द म्हणून कवी लोकांत हा डोंगर प्रसिद्ध आहे. वर कारपार्कपासून थोड्या अंतरावर एका घोड्याची समाधी आहे, फॉक्सहंटर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळालं, ते घोडेस्वारीत या घोड्याच्या टीममुळे. लेकीला पूर्ण ट्रिपमध्ये हेच सगळ्यात आवडलं. आजूबाजूला जमिनीलगत व्हिनबेरीची झुडपं, बोटं जांभळी होईपर्यंत खाल्ल्या, आंबटगोड. वाऱ्याने आईचा स्कार्फ उडाला तो एका मेंढीच्या शिंगात अडकला आणि परत मिळाला नाही.

खाली उतरून अॅबरगव्हेनीला जेवलो, व्हिनबेरी टार्ट आणि कस्टर्ड. गावात शिरताना पाटीवर इंग्लिश नावाबरोबर वेल्श नाव होतं, अ व्हेनी, तेही 'एफ'ने लिहिलेलं. बाबांनी गाडी हळू करायला लावली, अक्षरं जुळवून वाचली आणि म्हणाले, "इथं कोणी नाही हासत? मंग त्याईलेच काहून?" मी म्हटलं पुढची अक्षरं बघा बाबा. त्यांनी परत बघितलं. "हौ," म्हणाले, "नशीब असते गावाचं."

*कामाचं:* ब्लॉरेंजवर ढग असेल तर वर जाऊ नका, काही दिसत नाही आणि वाट चुकते. वारा कायम असतो, जॅकेट चेनवालं घ्या. टार्ट ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ताज्या फळांची मिळते. अॅबरगव्हेनीहून ब्रिस्टल तासाभराच्या जरा वर, पण बँक हॉलिडेच्या संध्याकाळी पुलावर लाइन लागते, चारच्या आत निघा.